रंगारी आळीची निळी शीव

पिंपरणीत वरच्या पेठेचा प्रभाग कुठं संपतो आणि खालच्या पेठेचा कुठं सुरू होतो, हे बघायला नकाशा लागत नाही. कचेरीच्या चौकातून शीव निघते ती रस्त्याच्या मधोमध सरळ उतरत येते. हिंगलाज देवीच्या देवळापाशी आली की मात्र रस्ता सोडते, उगवतीकडच्या घरांच्या परसांमागं शिरते, जुन्या आडाला पाठीमागून वळसा घालते आणि पार ओढ्याच्या काठावर जाऊन थांबते. या सगळ्या वळणावर जमिनीतले दगड निळे आहेत. नव्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी हातून रंग सांडला असेल. रंगच आहे तो. पण हातून निसटलेला नाही, ओतलेला आहे.

आणि ही जी आळी शिवेनं आत घेतली आहे, ती रंगाऱ्यांची. इथं लाल मिळेल, पिवळा मिळेल, कुसुंबी मिळेल, डाळिंबाच्या सालीचा मळकट सोनेरीसुद्धा मिळेल. निळा मिळणार नाही. लग्नाचं घर असो की मोठ्या दुकानाची मागणी असो, निळ्यासाठी पाहुण्यांनी दुसरं गाव बघावं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं आहे, आणि त्याला कारण झाली एक बाई. तिचं नाव ठकूबाई.

गोष्ट संस्थानच्या वेळची. महाराजांनी पिंपरणीला नगरसभा दिली, तेव्हा गावाचे दोन भाग केले, वरची पेठ आणि खालची पेठ. दोन्हींकडून सारखेच सभासद निवडून जायचे. पट्टी भरणाऱ्या पुरुषांनाच मत होतं, पण भाग पाडताना माणसं सगळी मोजायची, बायकापोरांसकट, असा महाराजांचा हुकूम होता. पुढं काही वर्षांनी वरची पेठ फुगली आणि खालची रोडावली. खालच्या पेठेत पाणी नव्हतं. उन्हाळ्यात ओढा आटला की लोक बिऱ्हाडं उचलून दुसऱ्या गावी जायची, ती कधी परतायची, कधी नाही. तेव्हा तोल पुन्हा साधायचा ठरला. वरच्या पेठेतली काही घरं खालच्या पेठेत घालायची, म्हणजे दोन्हीकडं माणसं सारखी होतील. या कामावर विसाजीपंत नावाचे कारभारी नेमले गेले. ते माणूस वाईट नव्हते असं सांगतात. उन्हातान्हात दारोदार हिंडून त्यांनी स्वतः माणसं मोजली, आणि मोजताना कुणाच्या घरचं ताकसुद्धा घेतलं नाही.

रंगारी आळी तेव्हा वरच्या पेठेत होती, अगदी कडेला, म्हणून तीच खालच्या पेठेत घालायची चर्चा सुरू झाली. घरांच्या दोन ओळी, एक उगवतीची, एक मावळतीची, आणि मधे उतरता रस्ता. उगवतीच्या ओळीत ठकूबाईचं घर होतं आणि त्याला लागून आड. हा आड रंगाऱ्यांच्या वाडवडलांनी खडक फोडून खणलेला. रंगाच्या धंद्याला पाणी मुबलक लागतं, आणि तो आड कधी आटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोर मावळतीच्या ओळीत ठकूबाईची धाकटी जाऊ मैना राहायची. दोघींचा दिवस एकमेकींच्या दारातच जायचा. कापडाची थानं भिजवायची एकीनं, पिळायची दुसरीनं, वाळत घालायची दोघींनी.

खालच्या पेठेतल्या बायका पाण्यासाठी याच आडावर येत. पण त्यांनी आडाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. घागर खाली दगडावर ठेवायची, लांब उभं राहायचं आणि वरून कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं. त्यांत येसाबाई म्हणून एक होती. तिच्या घरी कातडी कमवायचं काम चाले. ठकूबाई रोज सकाळी तिची घागर भरायची, उंचावरून, म्हणजे थेंबसुद्धा उलटा उडू नये. निम्मं पाणी दगडावर सांडायचं. त्यात काही चुकतं असं ठकूबाईला तोवर कधी वाटलं नव्हतं. उलट, आपण ओततो तरी, असंच वाटायचं.

वरच्या पेठेचे पुढारी होते आबाराव इनामदार. आळीतली माणसं खालच्या पेठेत जाणार याचं त्यांना वाईट वाटलं नाही. रंगाऱ्यांची मतं एकगठ्ठा पडत, आणि ती त्यांना कधी पडली नव्हती. पण आड जाणार, हे त्यांना नको होतं. त्यांच्या बागेचे पाट त्याच पाण्यावर चालत. ते विसाजीपंतांना जाऊन भेटले म्हणे. काय बोलणं झालं ते कुणाला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी शिपाई चुन्याची पाटी घेऊन आळीत आले आणि त्यांनी देवळापासून ओढ्यापर्यंत, रस्त्याच्या बरोबर मधोमध, पांढरी रेघ मारली. मावळतीची ओळ खालच्या पेठेत गेली. उगवतीची ओळ आडासकट वरच्या पेठेत राहिली. मागोमाग दवंडी आली की यापुढं ज्या पेठेचं पाणी त्याच पेठेनं भरायचं.

मैना घागर घेऊन आडाकडं निघाली होती. शिपायानं तिला रेघेवर अडवलं.

"कुठं निघाली?"

"पाण्याला."

"तुझी पेठ आता ती. तिकडं बघ पाणी."

"तिकडं कुठं हाय पाणी?"

शिपायानं काठी आडवी धरली. मैना रेघेच्या पलीकडं रिकामी घागर घेऊन उभी राहिली आणि अलीकडून ठकूबाई तिच्याकडं बघत राहिली. सगळी आळी दारात आली होती.  ठकूबाई घरात गेली. मंजिष्ठेत रंगवलेलं कापड धुऊन उरलेल्या लाल पाण्याचं घंगाळं तसंच पडलं होतं, ते तिनं उचललं, बाहेर आणलं आणि पांढऱ्या रेघेवर भडाभडा ओतलं.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी पुन्हा चुना मारला. तिनं हळदीचं पाणी ओतलं. तिसऱ्या खेपेला आळीतल्या बाकीच्या बायकाही दारादारातून घंगाळं घेऊन आल्या. मग रोजचंच झालं. सकाळी रेघ पांढरी, दुपारी कुसुंबी, नाहीतर तपकिरी. वरच्या पेठेतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येऊ लागली. शिपाई वैतागले. एकानं ठकूबाईला दम भरला, "सरकारी रेघ पुसतेस? आत जाशील!"

"पुसली कुठं?" ती म्हणाली. "रंगवली. रंगारी हाय मी."

कचेरीतून बोलावणं आलं ते तिला नाही, तिच्या नवऱ्याला. मल्हारी रंगारी स्वभावानं गरीब. रंगाचा हात असा होता की लांबलांबची गिऱ्हाइकं त्याच्याकडं यायची, पण कचेरीचं नाव काढलं की त्याच्या तोंडाला कोरड पडायची. तो पागोटं बांधत होता आणि ते सारखं सुटत होतं.

"तुमी बसा," ठकूबाई म्हणाली. "मी जाते."

"अगं, बाईमाणूस कचेरीत? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. पाणी तर आधीच बंद केलंय. आता आणखी काय बंद करणार हायेत?"

कचेरीत तिला बघून कारकून हसले. विसाजीपंत हसले नाहीत, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला बोलावलं होतं. नगरसभेच्या कामात बाईचं काय काम? तुला मत नाही."

"मत न्हाई, खरं. पर माणसं मोजाया आला व्हता तवा माझं डोकं मोजलंत का न्हाई, रावसाहेब?"

"मोजलं."

"मग त्येच डोकं बोलतंय."

 विसाजीपंतांची नजर तिच्या हातांवर गेली. ठकूबाईचे हात कोपरापर्यंत निळे होते. निळीच्या रांजणात लहानपणापासून हात घालून घालून तो रंग कातडीतच मुरला होता. त्या काळी आळीतल्या बायकांना लांबून हातांवरूनच ओळखायचे.

विसाजीपंतांनी तिला समजावलं. दोन्ही पेठांत माणसं सारखी हवीत, हा महाराजांचा हुकूम आहे. कुणाला तरी तिकडं जावंच लागणार. अर्धी आळी गेली की वरच्या पेठेत माणसं थोडी जास्त उरतात, पण तेवढं चालतं.

"आन् सगळी गेली तर?"

"सगळी गेली, तर खालच्या पेठेत थोडी जास्त होतात."

"किती?"

 खोटं बोलायची विसाजीपंतांना सवय नव्हती. "साधारण तितकीच," ते म्हणाले.

"म्हंजे तोल दोन्ही बाजूंनी सारकाच. मग आळी मधनं चिरली कशापायी? आमच्यापायी न्हाई. आडापायी."

आबाराव इनामदार तिथंच लोडाला टेकून बसले होते. ते उठून उभे राहिले आणि ओरडले की ही बाई सरकारची बदनामी करते आहे. विसाजीपंतांची मान खाली गेली. हुकमावर सही झालेली होती. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की सरकारी खूण बिघडवल्याबद्दल हिला दिवसभर चावडीपुढं बसवा, संध्याकाळी सोडा.

चावडीपुढं सावली नव्हती. वैशाखातलं ऊन होतं. ठकूबाई तापलेल्या फरशीवर बसून राहिली. चावडी वरच्या पेठेत, त्यामुळं येणारी-जाणारी माणसं सगळी ओळखीची. ज्यांच्या घरची लुगडी तिनं रंगवली होती, ज्यांच्या लेकींच्या लग्नात तिनं हळदीचे खण मोफत दिले होते, ती माणसं समोरून गेली. आबारावांच्या भीतीनं कुणी थांबलं नाही. आळीतली माणसंही आली नाहीत. मल्हारी कोपऱ्यापर्यंत येऊन शिपायाला बघून परत गेला. दुपार झाली तेव्हा तिची जीभ टाळूला चिकटली होती.

तेव्हा येसाबाई आली. तिच्या हातात लहानसं मडकं होतं. ओढ्यात झरा उकरून काढलेलं पाणी. ती लांब उभी राहिली, मडकं फरशीच्या कडेला ठेवलं आणि मागं सरली.

"आक्का, आनलंय खरं," ती म्हणाली. "तुमी घ्याल का न्हाई, ठावं न्हाई. वरनं वताया सांगितलंत तर वतीन. लांबनं."

ठकूबाईनं मडक्याकडं बघितलं. तिला रोजची सकाळ दिसली. उंचावरून पडणारी धार, दगडावर सांडणारं निम्मं पाणी, आणि सांडलेल्या पाण्याकडं बघत घागर भरायची वाट पाहणारी येसा. इतकी वर्षं रेघ तिथं होतीच. चुना नव्हता म्हणून तिला दिसली नव्हती, एवढंच. मैना पलीकडं गेली तेव्हा दिसली.

तिनं हात लांब करून मडकं उचललं, तोंडाला लावलं आणि तळापर्यंत प्यायली. चावडीवरचे लोक बघत होते. तिनं ओठ पुसले आणि मडकं येसाच्या हातात दिलं, खाली न ठेवता.

संध्याकाळी सुटल्यावर ती घरी गेली नाही, देवळात गेली. दिवेलागणीला आळी तिथं जमायचीच. हिंगलाजमाता ही रंगाऱ्यांची कुलदेवी. तिच्यासमोर उभं राहून ठकूबाईनं सांगितलं की आपण सगळीच्या सगळी खालच्या पेठेत जायचं. आड घेऊन जायचं.

तेव्हा मात्र आळी खवळली. चुन्यावर रंग ओतणं वेगळं होतं, त्यात गंमत होती. आळीचा म्हातारा बापू रंगारी काठी टेकत उठला. "अगं ठके, डोकं फिरलं का उन्हानं? वरच्या पेठेतली इज्जत सोडून त्या लोकांत जायचं? उद्या ते आडाला हात लावतील!"

"लावतील."

"आन् तू त्या पाण्याचा रंग कापडाला लावशील? देवीच्या साडीला?"

"मैनेच्या हाताचं पाणी चालतं का न्हाई, बापूकाका? रेघ मारल्यापासनं मैना तिकडचीच झालीया. मग तिच्या शेजारणीच्या हाताला काय झालं?" आणि ती पुढं म्हणाली, "आज मी उन्हात मरत व्हते. ज्यांच्या इज्जतीत आपण ऱ्हातो त्यातलं कुणी आलं न्हाई. तुमी बी आला न्हाईत. येसा आली."

पुष्कळ बोलाचाली झाली. काही घरं उठून गेली. त्यांतली दोन-तीन पुढं आळी सोडूनच गेली, ती आजही परगावी आहेत आणि इथलं नाव काढत नाहीत. राहिलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं की असं म्हणून उपयोग काय, शीव आपल्या म्हणण्यानं थोडीच सरकते? हुकूम झालाय. रोज रंग ओतून काय साधलं?

"त्ये धुतल्या कापडाचं पाणी व्हतं," ठकूबाई म्हणाली. "वाहून गेलं त्ये. उद्या निळीचा रांजण वतते. शीव कुठनं काढायची त्ये आई बघंल."

हे ऐकून मल्हारीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं असं सांगतात. त्याचं कारण पाहुण्यांना समजायला हवं. निळीचा रांजण म्हणजे पाण्याची घागर नव्हे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला तो रांजण मल्हारीच्या आजीच्याही आजीनं लावलेला होता. त्याला रोज चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून जपावं लागे, थंडीत भोवती शेणाचा शेक द्यावा लागे. एकदा मेला की तसा रंग पुन्हा धरत नाही. घरात पोर आजारी पडलं तर शेजारीण बघेल, पण निळीजवळ घरच्याच माणसानं बसायचं. सगळी आळी त्या रांजणाचं विरजण नेऊन आपापले रांजण लावत असे. पिंपरणीचा निळा म्हणून जो रंग बाजारात नाव मिळवून होता तो त्या एका रांजणातून आलेला.

ठकूबाईनं देवीपुढं हात जोडले. तिचा नवस आळीतल्या प्रत्येक घरात अजून तोंडपाठ आहे. 'आई, आमाला चिरू नको. आळी एक ऱ्हायली, तर निळा रंग तुझा. आमी पुन्यांदा लावनार न्हाई.' मग ती मल्हारीकडं वळली. रांजण तिच्या एकटीचा नव्हता. मल्हारी उठून उभा राहिला. म्हणाला, "एकटीच्यानं उपसणार न्हाई. मी येतो." साऱ्या आयुष्यात तो एवढंच एक वाक्य सगळ्यांसमोर बोलला, असं त्याच्याविषयी सांगतात.

सकाळी विसाजीपंत स्वतः आळीत आले. रेघ कायमची करायची, म्हणून दगड बसवायला पाथरवट आणले होते. बरोबर आबाराव होते, शिपाई होते, आणि गंमत बघायला वरची पेठ होती. खालच्या पेठेतली माणसंही आली होती, पण ती लांब, ओढ्याच्या बाजूला उभी राहिली.

ठकूबाई आणि मल्हारीनं रांजण उपसला. घंगाळं भरभरून मैनानं आणि आळीतल्या बायकांनी देवळाच्या पायरीपर्यंत नेली, आणि बाकीच्या घरांनीही आपापले रांजण उपसून आणले. बापू रंगारीसुद्धा आपलं घंगाळं घेऊन आला. ओठ आवळलेले, डोळ्यांत पाणी, पण आला. सगळ्यांनी एकदम ओतलं.

आता निळीची एक गोष्ट अशी की रांजणात ती निळी नसते. हिरवट-पिवळी असते, कोवळ्या गवताच्या रसासारखी. रंगाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. पण जमलेल्या पेठेनं ती कधी पाहिली नव्हती. पिवळं पाणी देवळाच्या पायरीवरून खळाळत निघालं आणि वारा लागताच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिरवं झालं, हिरव्याचं निळं झालं. माणसं मागं हटली. कुणीतरी देवीचं नाव घेतलं.

आणि मग ते झालं, ज्यासाठी ही गोष्ट सांगतात. आळीचा उतार सरळ ओढ्याकडं. पाणी मधोमध, चुन्याच्या रेघेवरूनच जायला हवं होतं. ते चार हात तसं गेलं, थांबलं, साठलं आणि उगवतीकडं वळलं. चढाच्या अंगाला. उगवतीच्या ओळीमागच्या परसांतून, ठकूबाईच्या घरामागून, आडाच्या पाठीमागून वळसा घालून ते खाली ओढ्याकडं उतरलं. जिथून गेलं तिथला दगड निळा झाला. काही म्हणतात, तिथं जुनी बुजलेली नाली होती. असेलही. पण पुढं कित्येकांनी त्याच पायरीवरून घागरी ओतून पाहिल्या, पाणी प्रत्येक वेळी सरळ मधूनच गेलं.

आबाराव ओरडले, "धुवा ते!" शिपायांनी पाणी मारलं, खराटे मारले, काथ्यानं घासलं. पांढरी रेघ त्यात गेली. निळी राहिली.

ठकूबाई रिकामं घंगाळं हातात घेऊन विसाजीपंतांसमोर उभी राहिली. सगळं अंग निळं झालं होतं. ती म्हणाली, "रावसाहेब, तुमची शीव रोज पुसली. आता ही आमची. पुसून दावा."

विसाजीपंत त्या निळ्या ओघळावरून चालत गेले. देवळापासून निघाले ते आडामागून थेट ओढ्यापर्यंत. तिथं खालच्या पेठेची माणसं उभी होती, त्यांच्या तोंडांकडं त्यांनी बघितलं. ही सगळी माणसं त्यांनी एकेक करून मोजली होती. परत येऊन त्यांनी पाथरवटांना सांगितलं, "दगड इथून बसवा. निळ्यावरून."

"आणि आड?" आबारावांनी विचारलं.

"आड शिवेच्या आत आहे, इनामदार. खालच्या पेठेत."

"मी महाराजांकडं जाईन!"

"जा. माणसं मी मोजली आहेत. विचारतील तर मीच सांगेन."

आबाराव गेले. वर्षाच्या आत विसाजीपंतांना पिंपरणीहून हलवलं आणि कुठल्याशा आडगावी टाकलं, तिथून त्यांची काही खबर पुन्हा आली नाही. पण सहीचा हुकूम फिरला तो फिरला. दगड बसले ते बसले.

त्याच दिवशी दुपारी येसाबाई पूर्वीसारखी घागर घेऊन आली आणि नेहमीच्या जागी, खालच्या दगडापाशी थांबली. हुकूम काय झाला ते तिनं ऐकलं होतं, पण पाय पुढं येत नव्हता. काही दारं लागली. काही उघडी राहिली. ठकूबाई आडावर होती. तिनं दोर सोडला आणि ती आडापासून बाजूला झाली.

"आक्का, वता की," येसा म्हणाली.

"आता मी न्हाई वतनार."

येसा चपापली. मग ठकूबाईनं दोराचं टोक तिच्यापुढं धरलं. "पेठ तुझी. आड तुझा. वढ."

येसानं दोर धरला. पहिल्यांदा तो तिच्या हातातून सुटला, पोहरा भिंतीवर आदळत खाली गेला. दुसऱ्यांदा नीट वर आला. तिनं घागर काठोकाठ भरली, आणि एक थेंब सांडला नाही.

पुढं आळीचे दिवस सोपे गेले नाहीत. निळ्याची गिऱ्हाइकं तुटली. वरच्या पेठेनं बरीच वर्षं इथलं कापड घेतलं नाही. मल्हारीनं लाल आणि पिवळ्यावर हात बसवला, आणि हळूहळू त्याचं नाव झालं. ठकूबाईच्या हातांवरचा निळा मात्र उतरत गेला. आधी कोपरापासून, मग मनगटापासून, शेवटी नखांच्या कडांना उरला. ती कधीकधी दारात बसून हात उलटेसुलटे करून बघत राहायची. मैनानं एकदा विचारलं, "वाईट वाटतं का गं, आक्का?" ती म्हणाली, "वाटतं की." आणि उठून पाण्याला गेली. आडावर खालच्या पेठेतल्या बायकांची झुंबड होती, तिला रांगेत थांबावं लागलं.

आजही वैशाखात एक दिवस ठरवून खालच्या पेठेच्या सगळ्या बायका, रंगाऱ्यांच्या, चांभारांच्या, मोमिनांच्या, एकत्र येतात आणि देवळापासून ओढ्यापर्यंत ती शीव पाण्यानं धुतात. दगड झिजलेत, निळा विटलेला नाही. आजही प्रभागांची रचना बदलायची म्हटली की कचेरीतून कुणीतरी आधी इथं येऊन शीव चालून जातो. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही. पण न चालता काढलेले नकाशे पिंपरणीत टिकलेले नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे.

या वेळी कुणी आलं नाही. नवे साहेब तालुक्याच्या गावी बसूनच काम करतात. लोकसंख्या वाढली, तोल साधायचा, म्हणून नकाशात त्यांनी रेघ ओढली आहे ती आळीच्या बरोबर मधून. हरकतींची सुनावणी येत्या सोमवारी आहे. आळीनं वकील केलेला नाही. बायका जाणार आहेत, सगळ्या.

पाहुण्यांना थांबायचं असेल तर जरूर थांबा, देवळात उतरायची सोय होईल. फक्त सोमवारी पांढरे कपडे घालू नका.